बेळगावच्या पुढची शीम

बाबा, मी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आहे आणि समुद्रापार कासवं राखायला चालले आहे. हे वाक्य गेले कित्येक दिवस मी येईल-जाईल त्याला ऐकवते आहे आणि दर वेळी माझे कान तापतात, लहानपणी जत्रेला जायच्या दिवशी तापायचे तसे. तुला सांगायचं राहिलं होतं. खरं तर तुलाच आधी सांगायला हवं होतं, कारण आपल्या घरातून दूर जायची पहिली हौस तूच लावलीस, स्वतः मात्र फेरीबोटीवर चोपडे ते शिवोली आणि शिवोली ते चोपडे यापलीकडे फारसा गेला नाहीस.

आफ्रिकेच्या पश्चिमेला, भर महासागरात, काही बेटं आहेत. पूर्वी पोर्तुगिजांच्याच ताब्यात होती. तिथे दर वर्षी कासवं अंडी घालायला येतात आणि त्यांची मोजणी करायला जगभरातून माणसं जमतात. एका होडीतून बेटाबेटावर जायचं, तंबूत राहायचं, वाळूत मापं घ्यायची, कुत्र्यांपासून घरटी राखायची आणि पाळीपाळीने सगळ्यांचं जेवण करायचं. पगार नाही. जायचा-यायचा खर्चही आपला. डिचोलीच्या औषध कारखान्यातल्या माझ्या प्रयोगशाळेत हे सांगितलं तेव्हा पॅकिंगमधली गडहिंग्लजची बाई हात पुसत पुसत म्हणाली, “मॅडम, बिनपगारी कासवं राखाय जाताय व्हय? आमच्याकडं म्हसरं राखाय पगार देऊन माणूस गावंना.” सगळे हसले, मीही हसले. साहेबांनी रजेच्या अर्जावर सही केली आणि विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. घरी सगळं ठीक आहे, बाबा. लेक पुण्यात शिकतो आहे. सासरी लाटंबार्सेच्या घरात काजूचा हंगाम संपत आलाय, बोंडांचा वास अजून अंगणात आहे, आणि तुझा जावई भात शिजवायला शिकतो आहे. दोन वेळा करपवला. तिसऱ्या वेळी पेज झाली, तर म्हणाला, मला पेजच करायची होती.

मला निवडलं ते मोरजीच्या कासवांमुळे. गेली काही वर्षं हंगामातल्या सुट्टीच्या दिवशी मी माहेरी येते ती थेट किनाऱ्यावरच. वनखात्याच्या माणसांबरोबर घरट्यांभोवती जाळ्या लावते, पर्यटकांना हटकते. तू असतास तर पोट धरून हसला असतास. तुमच्या वेळी ही अंडी लोक टोपलीने बाजारात नेत आणि आता त्याच अंड्यांना पहारा. मुलाखत संगणकाच्या पडद्यावर झाली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, घरापासून इतकं लांब राहायची सवय आहे का? मी ठणकावून हो म्हटलं. आणि म्हणताना मला धारवाड आठवलं.

तू फेरीबोटीच्या इंजिनावर होतास ते दिवस अजून डोळ्यांपुढे लख्ख आहेत. शनिवारी शाळा सुटली की मी धक्क्यावर येते, तू मला डब्यातला अर्धा पाव देतोस, आणि आपण दोघं कठड्याला टेकून माणसं बघतो. गोवा घटक राज्य झाल्यावरची ती वर्षं. जो तो कुठेतरी निघालेला. ट्रंका, दोरीने बांधलेल्या गाद्या, लोणच्याच्या बरण्या, मागे रडणाऱ्या बायका. तू प्रत्येकाला विचारायचास, “खंय चललास रे?” कोणी म्हणे दुबई, कोणी बहरीन, कोणी नुसतंच बोटीवर. घरी आलास की माझा शाळेचा नकाशा जमिनीवर पसरून मला ती गावं शोधायला लावायचास आणि सापडलं की त्यावर तुझं तेलकट बोट ठेवायचास. माझा सगळा नकाशा डागाळला होता. एकदा मी विचारलं, की सगळे जातात, मग तू का जात नाहीस? तुला ते लागलं असावं, कारण तू ताडकन म्हणालास, “मी गेलंय तर ह्यांका पलतडी कोण पोचयतलो? वाढीव इचारू नुको.” मग रात्री जेवताना माझ्या ताटात तुझ्या वाट्याची माशाची तुकडी वाढलीस.

आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घालायचं साकडं. वाड्यातलं कोणीही परगावी निघालं की तुलाच बोलावणं यायचं. वडाखालच्या राखणदाराच्या थळावर पाव, विडी आणि पेलाभर फेणी ठेवून तू उभा राहायचास. राखणदार म्हणजे गाव राखणारा देव, पण तो आपल्या गावाचा, त्याची सत्ता गावच्या शिमेपर्यंत, म्हणजे हद्दीपर्यंतच. त्यापुढे दुसऱ्या गावचा. म्हणून तू गावंच्या गावं ओळीने घ्यायचास. माझ्या वेळचं मला तोंडपाठ आहे: “रे राखणदारा म्हाराजा, माजा चेडू आज भायर सरला हा. तुज्या शिमेपर्यंत तू सांभाळ, फुडे चोपड्याच्या राखणदाराच्या हातात दी.” मागे उभे असलेले म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मग चोपड्याने शिवोलीला द्यायचं, शिवोलीने म्हापशाला, असं करत करत घाट चढून तू मला बेळगावपर्यंत पोचवलंस.

मी एम.एस्सी.साठी धारवाडला निघाले होते. तिथली भाषा येईना, खोलीतल्या मुली बऱ्या होत्या पण मला त्यांच्याशी बोलवेना, जेवण घशाखाली उतरेना. महिना भरायच्या आत ट्रंक घेऊन मी परत आले. दुपारची फेरी होती. तू इंजिनाजवळून वर आलास, ट्रंकेकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत ओरडणार. तू तोंडावरचा घाम पुसलास आणि विचारात पडून म्हणालास, “चूक तुजी नाय गो. माजी. बेळगावाफुडे मी कोणाक सांगूकच नाय. थय तुका कोण वळाखतलो?” बेळगावच्या पुढची गावं तुला ठाऊकच नव्हती; डोळे तपासायला एकदा बेळगावला गेला होतास, तेवढंच. त्या संध्याकाळी बसच्या एका ड्रायव्हरला गाठून तू पुढच्या गावांची नावं विचारून घेतलीस, घोकलीस, आणि दुसऱ्या दिवशी थळावर पुन्हा उभा राहिलास. राखणदाराची माफी मागितलीस, अर्धवट सांगितल्याबद्दल. कित्तूर, तेगूर, थेट धारवाड. मी पुन्हा गेले आणि शिकून आले. तुझ्या चुकीवर तुझा खरंच विश्वास होता की माझी लाज तू उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. दोन्ही असेल. तू तसाच होतास.

आता गंमत ऐक. चोपड्याला पूल होऊन जमाना झाला, तुझी फेरीबोट बंद झाली, आणि आपल्या पेडण्यातच मोपाच्या माळावर विमानतळ झालाय. इतकी माणसं तू पलतडी, नदीच्या पलीकडच्या काठाला, पोचवलीस, आणि तुझी लेक परदेशी निघाली तर तिला फेरीबोटीत पायच ठेवायचा नाही! बॅग भरून झाली आहे. मी ती रोज उघडते आणि पुन्हा भरते. नवऱ्याला वाटतं, मी काहीतरी विसरले आहे. मी काही विसरलेले नाही, मला फक्त त्या कपड्यांना हात लावायला आवडतो. डोंगराएवढा आनंद झालाय मला, बाबा, या वयात इतका होतो हे ठाऊक नव्हतं. आणि त्याच्या तळाशी ती ट्रंक घेऊन परत आलेली मुलगी बसली आहे. ती या वेळीही परत आली तर फेरीबोटीवर कोणी नाही.

म्हणून रविवारी मोरजीला गेले. पाव घेतला, विडी घेतली, फेणी घरचीच होती. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत आपल्याकडे नाही, पण भाऊबंद सगळे मुंबईला, आणि नवऱ्याला शब्द येत नाहीत. तो म्हणाला, तू बोल, मी मागे “व्हय म्हाराजा” म्हणतो. मी उभी राहिले. शब्द निघाले ते तुझ्याच चालीत. मोरजीने मोपाला द्यावं, मोपाने मुंबईला. मुंबईने लिस्बनला द्यावं असं म्हणताना नवरा मागे फसकन हसला, तरी “व्हय म्हाराजा” म्हणाला. लिस्बनने पुढे बेटावर द्यावं, इथवर आले आणि थांबले. त्या वाळूचा राखणदार कोण, हे मी कोणाला विचारलं नव्हतं. सांगेल असा बसचा ड्रायव्हरही तिकडे जात नाही. अर्धवट सोडून चालणार नव्हतं. तेव्हा मी तुझं नाव घेतलं. म्हटलं, पलतडी माझा बापूस उभा आहे, त्याच्या हातात दे.

नवरा या वेळी हसला नाही. त्याने “व्हय म्हाराजा” म्हटलं आणि मी हात जोडून मागे सरले. मंगळवारी विमान आहे. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, पण एवढं कबूल करते की तुझं नाव तुला न विचारता दिलं आहे, आणि तुला तिकडची भाषा येते का, हेही मला ठाऊक नाही.