राजीखुशीने गेलेली कुळं

सोम., ४ मार्च
सरकारदरबारी नोंद व्हावी: गेले नऊ दिवस आमचं कुटुंब उभ्याने जेवतंय. डायनिंग टेबलावर केळ्यांचे तीन खोके, खोक्यांतल्या कागदांत शेजारच्या नोराबाईंचं आयर्लंडमधलं घराणं. एक गढीवजा घर, चार टेकड्या, पुष्कळ कुळं, त्याहून पुष्कळ तोरा. बाईंच्या नव्वदीला गोतावळा जमणार, त्याआधी पुस्तक हवं. टायपिस्ट मी, बिनपगारी. इथे परदेशात, जॉन्सनव्हिलमध्ये औषधं विकणाऱ्या, खोताच्या नातीला आणखी काय शोभणार!

बुध., ६ मार्च
दुष्काळाचं प्रकरण टाइप करून संपलं. नोराबाईंच्या पणजोबांनी कुळांना बोटीचं भाडं दिलं, ती राजीखुशीने गेली, असं बाईंनी लिहिलंय. डोळे पाणावले. वर 'आशीर्वाद देत' हे मी पदरचं घातलं.
"यू हॅव द टच, मीना!" बाई खूश.

शुक्र., ८ मार्च
खोक्याच्या तळाशी पावती. मजुरांना, कुळांच्या अकरा घरांची छपरं उतरवल्याबद्दल. बोट सुटण्याच्या आठवडाभर आधीची. डोक्यावरचं छप्पर काढलं की माणूस राजीखुशीनेच निघतो.
दुकानात एकाच्या गोळ्या दोनदा मोजल्या.
मला शंका कशी आली नाही? वाक्य माहेरचं, म्हणून. कूळकायदा आला तेव्हा आजोबांनी आमच्या कुळाकडून, गणू पाष्ट्याकडून राजीनामा घेतला. 'राजीखुशीने जमीन सोडतो.' खाली अंगठा. आमच्याकडे ही गोष्ट गणूच्या मोठ्या मनाची म्हणून सांगत. आजोबांच्या मनाबद्दल कुणी...

रवि., १० मार्च
बुधवारी संध्याकाळी फाइल छापायला जाणार. नोराबाईंचं हृदय आधीच नाजूक. त्यांच्या गोळ्या मीच देते.
लेक: "आई, जस्ट टेल हर. इट्स हर फॅमिली."
नवरा: "नव्वदीच्या बाईला? छाप आणि मोकळी हो."
दोघांचंही पटतं, म्हणून दोघांचाही राग.

मंगळ., १२ मार्च
सांगितलं. पावती पुढ्यात ठेवली. नोराबाईंनी चष्मा पुसून तीनदा वाचली. चहा गार.
"तुला काय कळतं गं यातलं?"
मग गणू सांगितला. कसा कोण जाणे, तोंडातून निघालाच.
बाईंचा चेहरा पांढराफटक; माझा हात फोनकडे.
"म्हणजे माझ्या घराची लाज छापायची," त्या म्हणाल्या, "आणि तुझी चहाबरोबर सांगायची. तुझं पान कुठाय, डिअर?"
दार त्यांनीच उघडलं. पावती ठेवून घेतली.

बुध., १३ मार्च
सकाळपासून त्यांचे पडदे बंद. दोनदा कुंपणापाशी जाऊन आले. दुपारी पडदा हलला. निदान उठल्या तरी.
फाइल त्यांच्याकडे पाठवली, दोन्ही प्रकारे: पावतीसकट आणि पावतीशिवाय. आशीर्वाद दोन्हीतून काढले. कुठली छापायची ते त्या ठरवतील. अजून फोन नाही.
मग माझं पान लिहिलं. इंग्रजीत, त्यांना वाचता यावं म्हणून. गणूचं पूर्ण नाव, कुठली जमीन, अंगठा धरून शाईत कुणी बुडवला. माहेरी हे कुणी लिहिलेलं नाही. एकच पान झालं, चार तास लागले.
पाचला त्यांच्या लेटरबॉक्समध्ये टाकून आले. बेल वाजवली नाही.