सोमवारचा स्लॅब

धारगळ,
१९ नोव्हेंबर १९८७

प्रिय परेश,

रविवारी तू आलास आणि चहा अर्धा टाकून गेलास. आई अजून त्यावरून बोलते आहे. तिला वाटतं, तुला आमचं घर आवडेनासं झालं. मला कारण माहीत आहे. बाबा समोर बसले होते आणि तुला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मे महिन्यात गोव्याचं वेगळं राज्य झालं तेव्हा म्हापशाच्या बसस्टँडवर तू अनोळखी माणसांना पेढे वाटत होतास. त्याआधी भाषेच्या मोर्चात आपण मराठीसाठी घसा बसेपर्यंत ओरडलो, आणि घरी येऊन मी आईशी आमच्या बोलीतच भांडले. मला वाटलं होतं, आता शाळा, रस्ते आपलीच माणसं बांधणार, म्हणजे नीट बांधणार. म्हणून वाड्यावरच्या, आमच्या वस्तीतल्या शाळेचं कंत्राट गोकुळदासबाबना मिळालं आणि त्यांनी बांधकाम बाबांकडे सोपवलं, तेव्हा आमच्या घरी सणासारखं वाटलं होतं.

करारपत्र मीच बाबांना वाचून दाखवलं होतं. मजूर बाबांचे, माल गोकुळदासबाबचा, आणि रेती गोड्या पाण्यातली. खांब उभे राहीपर्यंत तशीच आली. स्लॅबसाठी मात्र खाडीच्या तोंडाकडची आली. बाबांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, मग माझ्याही हातावर दिली. खारट होती. मिठाने आतली सळी गंजते आणि काही वर्षांनी छत सुटायला लागतं, हे तुला मी सांगायला नको, डिप्लोमा तुझ्याकडे आहे. बाबांनी काम थांबवलं. गोकुळदासबाब सगळ्यांसमोर हसले, "जयराम, रेती खावपाक न्हय रे, बांदपाक धाडल्या!" गडीही हसले. आठवड्याने निरोप आला की काम अर्धवट टाकून करार मोडलास, आता दुसरा माणूस बघतो.

दुसरा माणूस तू निघालास.

मी पेडण्याला वकिलांकडे गेले. ते म्हणाले, करार आधी कोणी मोडला ते महत्त्वाचं, पण थांबताना वडिलांनी लेखी कळवलं होतं का? नव्हतं. बाबांनी तोंडावर सांगितलं होतं. तोंडावर सांगितलेलं पुरेसं असतं, असं मानणारी आमची माणसं. आईने मलाच झापलं, "शिकलंस म्हणान आता बापाक शिकयतंस?"

मग गोकुळदासबाब स्वतः घरी आले. बाबांनी लिहून द्यायचं की काम स्वखुशीने सोडलं, रेतीची तक्रार नाही. बदल्यात शाळेच्या कुंपणाचं काम बाबांना. बाबा लगेच तयार झाले. मला त्यांची लाज वाटली, परेश. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. काल आईच्या तोंडून निघालं. जाताना गोकुळदासबाब बाबांना हळूच म्हणाले होते, "जांवयाचें पयलेंच काम, तेका विघ्न हाडूं नाका." म्हणजे बाबा माझ्यासाठी खोटं लिहून द्यायला निघाले होते. आपली सोयरीक टिकावी म्हणून.

तू त्या रेतीच्या ढिगापाशी उभा असताना मी तुला पाहिलं आहे. तुझ्या पायाशी ओले शिंपले होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि सेंटरिंगच्या फळ्यांविषयी बोलायला लागलास. तुला कळलेलं नाही असं मी रोज स्वतःला सांगते, पण ते मला पटत नाही. त्या छताखाली आमच्या वाड्यावरची पोरं बसणार आहेत. उद्या कदाचित आपलंही बसेल.

काल संध्याकाळी मी नोटीस लिहिली. माल करारात ठरलेला नव्हता म्हणून काम थांबवलं, दोन्ही पक्षांसमोर रेतीचा नमुना तपासावा, तोवर स्लॅब ओतू नये. बाबा बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी सही केली. आज सकाळी एक प्रत गोकुळदासबाबना आणि एक सरकारी इंजिनिअरना रजिस्टर पोस्टाने गेली. ती गेल्यावरच मी तुला लिहायला बसले. आधी लिहिलं असतं तर तुझी परवानगी मागितल्यासारखं झालं असतं, आणि तू नको म्हणाला असतास तर माझा हात कदाचित थांबला असता. आता सोमवारी ठरल्याप्रमाणे तू स्लॅब ओतलास तरी इंजिनिअर येतील. पण ते येण्याआधी तू स्वतःहून थांबावंस, एवढ्यासाठी हे पत्र. सही केल्यावर बाबांनी मला एकच विचारलं, "परेश आतां येतलो मगे?" मी म्हटलं, येतलो, येईल तो. ते खरं की खोटं, सोमवारी कळेल.

तुझीच,
सुमंगला