आईचं पाऊल आणि मधली शांतता

चि. ठोक्यास,

ताईचा आशीर्वाद. (तू जगप्रसिद्ध असल्यामुळे ‘श्रीयुत’ लिहिणार होते, पण ज्याचं नाक आपण पुसलं त्याला श्रीयुत लिहायला हात धजत नाही.) तुझी तब्येत बरी असेल, वेळेवर जेवत असशील आणि कानांना अजून ऐकू येत असेल, असं धरून चालते. इकडे सगळे मजेत. आईसुद्धा. पण ती मजेत कशी आली ते सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, तेव्हा बैस.

खुब्याचं ऑपरेशन छान झालं हे तुला फोनवर सांगितलंच होतं. त्यानंतर आईने चालायला साफ नकार दिला, हे मात्र सांगितलं नव्हतं. वॉकर समोर ठेवला की ती त्याच्यावर टॉवेल वाळत घालायची. डॉक्टरांनी समजावलं, तुझ्या भावोजींनी समजावलं (त्यांना तर तिने झोपेचं सोंग करून घालवलं), मी रडूनही पाहिलं. काही उपयोग नाही. ही आता अंथरुणालाच खिळते की काय, या भीतीने माझं चष्म्याच्या दुकानात लक्ष लागेना. एका गृहस्थांना मी जवळचा चष्मा लांबचा म्हणून देऊन बसले.

मग व्यायाम करून घेणाऱ्या नव्या फिजिओबाई आल्या. त्यांनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरच्या टोकाला स्पीकर ठेवला, सगळ्या पेशंटांना वॉकरसकट रांगेत उभं केलं आणि सांगितलं, की ठोके ऐका, चार ठोक्यांना एक पाऊल टाका. आई निव्वळ भिडेखातर उभी राहिली. गाणं सुरू झालं आणि पहिल्याच ‘धाड’ला मी ओळखलं. न ओळखायला काय झालं? अख्खा उन्हाळा तू अडगळीच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर तो जुना सिंथेसायझर मांडून हेच बडवत होतास. मांडणीवरची भांडी एकेक करून कडेला सरकायची. बाबांनी तर पाण्याचा पंप बिघडला म्हणून माणूस बोलावला होता, आणि त्या माणसाने पंप बंद केल्यावरही आवाज येत राहिला तेव्हा दोघांचेही चेहरे पाहण्यासारखे झाले होते. शेवटी आईने दार उघडून तुला बजावलं, की हवं तेवढं बडव, पण मी दुपारची आडवी झाले की ठोके बंद. म्हणून तू तेवढ्या वेळात नुसते तरंगते सूर वाजवायचास, आणि ती उठली की पुन्हा धाड धाड. गाण्यातही तसंच ठेवलंस.

आता या फिजिओबाई मला सांगतात, की तुमच्या त्या नाचायच्या ट्रान्स संगीतात ती मधली बिनठोक्यांची शांतता म्हणजे मोठी गोष्ट आहे, नंतरच्या कितीतरी पोरांनी तिची नक्कल केली, आणि अजूनही मोठमोठ्या हॉलमध्ये हजारो माणसं तिथे हात वर करून, डोळे मिटून उभी राहतात. (ती सगळी आपली आई झोपेतून उठण्याची वाट बघतायत, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलेलं नाही.) बाईंना त्यांचे नवरोबाही याच गाण्यावर नाचताना भेटले म्हणे.

तर आई मान खाली घालून चालली. पाऊल, वॉकर, पाऊल. आणि मधली शांतता आली तशी ती थांबली. मागचे निवृत्त बँक मॅनेजर तिच्यावर आदळता आदळता थांबले, त्यांच्यामागची सगळी रांग थांबली आणि सूपची ट्रॉली ढकलत येणारा माणूस तेवढा थांबला नाही. मॅनेजरांच्या पाठीवर सूप सांडलं. ते कोमट होतं म्हणून निभावलं. फिजिओबाई धावत आल्या आणि दुखतंय का म्हणून विचारू लागल्या.

आई शांतपणे म्हणाली, “हे माझ्या धाकट्याचं आहे. इथे मी झोपलेली असते.”

ठोके परत सुरू झाल्यावर ती चालू लागली. फिजिओबाई मात्र खुर्चीत बसल्या आणि डोळे पुसत राहिल्या. मी कशाला मागे राहते? त्या दिवसापासून आई रोज चालते, आणि कुणाचं पाऊल चुकलं तर मागे वळून सुनावते.

तुझी,
ताई

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. कॉरिडॉरमध्ये फार खोळंबा होतो, तेव्हा मधली शांतता काढून टाकलेलं गाणं पाठवशील का, असं फिजिओबाईंनी अगदी संकोचून विचारलं आहे.

दुसरा ता. क. : आईने पत्र हातातून घेऊन वाचलं. एक सूरही कापायचा नाही, म्हणते. दिवसभरात तिला तेवढाच दम खायला मिळतो.

तिसरा ता. क. : पुढच्या आठवड्यापासून जिना चढायचा आहे. त्याला हे गाणं फार जलद पडतं. नवीन कर, पण तिकडून पाठवायचं नाही, इथे येऊन, माझ्या पायांकडे बघून कर, असं तिने लिहायला सांगितलं आहे. हे झाले तिचे शब्द. माझ्या शब्दांत लिहायचं तर, ये.