डब्यातले कोळसे

माय, तुझ्या नातीने माझ्याकडे तुझ्याविषयी चार ओळी मागितल्या आहेत. त्या मला लिहिता आल्या नाहीत, म्हणून हे तुला लिहिते आहे. तिला हव्या होत्या त्या ओळी अशा: तू लहान मुलांना जवळ घेऊन, हसतखेळत, प्रेमानं स्वयंपाक कशी शिकवायचीस. भाऊ म्हणजे तुझा लाडका, तिचा बाप. त्याचा धुळ्याहून फोन आला. "अक्का, थोरली तूच. तुलाच जास्त आठवतं. गोड गोड लिही जरा, पोरीच्या क्लासला लावायचंय." मी म्हटलं, मला गोड खायला डॉक्टरांनी बंदी केली आहे. तो हसला. तो माझ्या बोलण्याला नेहमी हसतो, कारण मी गमतीनं बोलत नाही हे त्याला अजून कळलेलं नाही.

तुझी नात धुळ्यातच, देवपूरला, वरच्या मजल्यावर दर रविवारी लहान मुलांचा वर्ग घेते. बालवाडीतली, पहिली-दुसरीतली मुलं येतात. कणकेची चिमणी करायची, काकडीच्या चकत्या रचायच्या, भेळ कालवायची, बिस्किटाच्या चुऱ्याचे लाडू वळायचे. विस्तव लागणार नाही असं सगळं. वर्गाला नाव दिलंय ‘आजीची चूल’. चूल सोड, तिथं काडीपेटीसुद्धा नाही. भिंतीवर तुझा फोटो आहे, त्या जांभळ्या लुगड्यातला, आणि खाली छापलंय की आमची आजी प्रत्येक मुलाला पिठात हात घालू द्यायची. वाचून मी उभीच राहिले. तुझ्या परातीत मांजरानं तोंड घातलं असतं तर तू एक वेळ सोडलं असतंस. पण मुलाचा हात?

तुला स्वयंपाक येत होता. हे आधी लिहून टाकते, नाहीतर म्हणशील पोरीनं तेवढंही दिलं नाही. खापरावरचे मांडे गल्लीत तुझ्यासारखे कुणाचे होत नसत, आणि कळण्याची भाकरी थापताना तुझ्या हाताकडे बघत बायका आपली कामं विसरत. उन्हाळ्यात तू गच्चीवर बिबड्यांचा घाट घालायचीस. मोठ्या पातेल्यात ज्वारीचं पीठ शिजतंय, तीळ-लसणाचा वास सुटलाय, आणि गल्लीतली झाडून सगळी पोरं जिन्यात बसली आहेत. प्रत्येकाच्या तळहातावर तू त्या गरम पिठाचा गोळा ठेवतेस, वर तेलाची धार सोडतेस. "खा रे, खा." माझी पाळी येते तेव्हा पातेल्याच्या बुडाला लागलेलं उरलेलं असतं. "तुनं काय, तू घरनीच शे," म्हणतेस आणि तेच खरवडून देतेस. मग माझ्या हातात काठी. मी पापडांच्या वाळवणाजवळ बसून कावळे हाकायचे. एकदा मी ओल्या बिबड्याची दुमडलेली कड सरळ करायला बोट लावलं, तर तू चिमट्यानं त्याच बोटावर मारलंस आणि शेजारणीला म्हणालीस, "इना हातले चव नही. हात लाया का बिघडनं." शेजारीण हसली. दुसऱ्या दिवशी चार बिबडे चिरले. ऊन कडक होतं, चिरणारच. पण घरादाराला कारण मिळालं होतं.

गुलाबाईचे दिवस तुला आठवत असतील. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीची गुलाबाई घरात बसायची. संध्याकाळी मुलींचा घोळका घरोघर जाऊन गाणी म्हणायचा. गाणी संपली की ज्या घरी गेलो तिथली मुलगी झाकलेला डबा आणून हलवून दाखवायची. आवाजावरून, वासावरून आत काय आहे ते ओळखायचं, आणि ओळखता नाही आलं तरी खाऊ सगळ्यांना मिळायचाच. आमच्या घरची पाळी होती त्या दिवशी मी तुझ्या मागे लागले की खाऊ मी करते. शेंगदाण्याचे लाडू, त्यात काय अवघड. आश्चर्य म्हणजे तू हो म्हणालीस. दुपारी शाळेतून आले तर शेगडी पेटवून ठेवलेली होती. मी शेंगदाणे भाजायला घेतले. तू उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होतीस, बघत होतीस, आणि काहीही बोलत नव्हतीस. हलव म्हणाली नाहीस, उतरव म्हणाली नाहीस. दाणे एका बाजूनं काळे झाले. तरी मी सालं काढून, गूळ घालून, कुटून लाडू वळले. वाकडे झाले होते, कडवटही असतील. पण वळले गेले होते. तू आलीस, एकेक उचलून पाहिलास आणि म्हणालीस, "ठेव. डबामा मी भरस." मला वाटलं, माय आता सांभाळून घेईल. मी फ्रॉक बदलायला गेले.

मुली आल्या, गाणी झाली. डबा मी आणायचा असतो, पण तो तू आणलास, सगळ्यांच्या मधे उभी राहून हलवलास. खडखड वाजला. "काय शे डबामा? वळखा!" मुली ओरडतायत: चकल्या! फुटाणे! एक म्हणाली शेंगदाण्याचे लाडू, तिला घरातल्या वासावरून कळलं होतं. मी हो म्हणायला तोंड उघडलं तर तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "नही." मग मुली हरल्या आणि तू झाकण काढलंस. आत शेगडीतले विझवलेले कोळसे होते. "हाऊ खाऊ आमनी पोरनी करेल शे," तू म्हणालीस. आधी कुणाला समजलं नाही, मग समजलं, आणि मग जे हसू फुटलं ते थांबेना. मुली हसल्या, दारात उभ्या असलेल्या त्यांच्या आया हसल्या. तूही पदर तोंडाला लावून हसत होतीस. मग दाराआडून तू शंकरपाळ्यांचं ताट काढलंस आणि मूठमूठ वाटलंस. माझे लाडू शेळीला घातलेस. शेळीनं सगळे खाल्ले, तेवढं मला अजूनही बरं वाटतं.

शंकरपाळे. पीठ भिजवायचं, मुरवायचं, लाटायचं, कापायचं, तळायचं. ते मी शाळेत असतानाच झालेले होते. म्हणजे मी एकही दाणा भाजायच्या आधी तू खाऊ करून दाराआड ठेवला होतास. हा हिशोब मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, माझ्या स्वतःच्या ओट्याशी उभी असताना लागला, आणि मी गॅस बंद करून खुर्चीवर बसले. एक तर माझं जळणार याची तुला खात्री होती, नाहीतर जळलं काय न जळलं काय, डब्यात तेच जाणार होतं. यातलं खरं कुठलं ते तुला विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी तू म्हणाली असतीस, इतकी गंमत समजत नाही का तुला.

गंमत तिथं संपली नाहीच. गल्लीत मी कोळसाबाई झाले. माझ्या हळदीला समोरची काकू म्हणाली, "कोळसाबाईला घासून लावा गं, रंग चढायला हवा," आणि तू तिला चहा जास्त दिलास. दर दिवाळीला तू ती गोष्ट नव्यानं सांगायचीस, हातवारे करून. भाऊ तेव्हा पाळण्यात होता, पण तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली की त्याला वाटतं त्यानं पाहिली. मी कॉलेजला जळगावला आले, खोलीवरच्या मैत्रिणीकडून स्टोव्हवर भात लावायला शिकले, नोकरी केली, तिथंच पिंप्राळ्यात घर बांधलं. माझ्या मुलाला मी स्वयंपाकघरात कधी टाकून बोलले नाही. त्याला आत येऊच दिलं नाही. तो ताटावर बसायचा, जेवायचा, उठायचा. त्याला आज चहासुद्धा करता येत नाही आणि त्याची बायको त्यासाठी मला बोल लावते. लावू दे.

आणि शेवटी तू माझ्याकडेच आलीस, कारण भावाच्या घरी जिना होता. तुला मऊ खिचडीखेरीज काही गिळवत नव्हतं. मी भरवायची. तू तोंड वाकडं करून म्हणायचीस, "तुना हातले चव नहीच." डॉक्टरांनी तुझं मीठ बंद केलं होतं. ते मी तुला सांगितलं नाही. मी म्हणायचे, "नाहीच, माय. आ कर." तू आ करायचीस.

मागच्या रविवारी मी धुळ्याला गेले. ओळी लिहून दिल्या नव्हत्या. तोंडी सांगेन म्हटलं होतं. सतरंजीवर मुलं बसली होती, खजूर आणि बिस्किटाच्या चुऱ्याचे लाडू चालले होते. तुझी नात चांगली शिकवते. आवाज चढवत नाही, सांडलेलं स्वतः पुसते. एका दोन वेण्यांच्या मुलीचे लाडू वळलेच जात नव्हते, सारखे फुटत होते. नातीनं तिची ताटली हळूच उचलली आणि म्हणाली, "हे आपण डब्यात ठेवू हं." ती आत गेली आणि बाहेर आली ती डबा हलवत. "आता आमच्या आजीची गंमत! ओळखा, आत काय?" मुलं ओरडली: चॉकलेट! खडे! एक म्हणाला, डायनासोर! तिनं झाकण काढलं. इस्त्रीवाल्याकडून आणलेले कोळसे. "आणि हा खाऊ कुणी केलाय? हिनं!"

मुलं लोळून हसली. दारातल्या आया हसल्या. त्या मुलीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी नाही केलं," ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, जरा हळू.

मी उठले. "हिचे लाडू कुठे आहेत?"

"आत्या, अगं गंमत. बाबा नेहमी सांगतात ती."

"लाडू कुठे आहेत, विचारलं मी."

"ते फुटले होते गं. टाकले मी."

मग मी बोलले, माय. सगळ्यांसमोर बोलले, आवाज न चढवता, कार्यालयात हाताखालच्या माणसाला बोलायचे तशी. म्हटलं, तुझी आजी कुणाला शिकवायची नाही. तिनं कुणाला पिठात हात घालू दिला नाही. ही गंमत तिनं माझी केली होती, तेव्हा मी या मुलीहून थोडीच मोठी होते, आणि तुझ्या बापाला ती आवडते कारण डब्यात त्याचं नाव नव्हतं. भिंतीवर तू जे छापलंस ते खोटं आहे. एक आई पुढे आली, "मावशी, जाऊ द्या ना, मुलं आहेत." मी म्हटलं, "तुमचं मूल हसणाऱ्यांत होतं. तुम्ही बसा." ती बसली नाही, मुलाला घेऊन निघाली, तिच्यामागे आणखी दोघी. तुझी नात ओट्याला टेकून रडायला लागली. मी तिच्याजवळ गेले नाही. ज्याचे लाडू टाकले गेले त्याच्याकडे आधी जायचं असतं. मी त्या मुलीला म्हटलं, "ऊठ. हात धू. पुन्हा कर, चुरा थोडा कमी घे." तिनं विचारलं, "आजी, तुम्ही रागावल्या का?" म्हटलं, "हो. तुझ्यावर नाही." तिनं एक लाडू वळला. धड झाला. कुणाला दाखवला नाही, लगेच तोंडात घातला आणि तोंड भरलेलं असतानाच चपला शोधायला गेली.

सगळे गेल्यावर नातीनं सतरंजी झटकली. डोळे सुजले होते, पण घडी नीट घातली. भाऊ जिन्यातून डोकावला, "अक्का, मेलेल्या माणसाला कशाला..." मी म्हटलं, तू खाली जा. तो गेला. मग ती म्हणाली, "आत्या, ती माझी आजी होती. मला ती आठवतसुद्धा नाही. तुम्ही सगळे जे सांगता तेवढीच माझ्याकडे आहे." घडी कोपऱ्यात ठेवून म्हणाली, "काहीच चांगलं नाही का गं आठवत? एकसुद्धा?"

मी म्हटलं, नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथं लिहिते. आठवतं. धुळ्याची थंडी होती, माझी बोटं उलली होती, लिहिताना रक्त यायचं. पहाटे तू मला चुलीपुढे ओढून बसवलंस, कोमट लोणी घेतलंस आणि एकेक बोट चोळत राहिलीस. भाकरी तव्यावर करपली तरी उठली नाहीस. हे मी नातीला सांगितलं असतं तर तिनं ते भिंतीवर लावलं असतं आणि खालची सगळी भिंत त्यानं झाकली गेली असती.

त्याच संध्याकाळी निघताना तिला दिलं ते असं. पाठकोरा कागद, माझ्या अक्षरात, खाली सही: ‘माझी आई उत्तम स्वयंपाक करत असे. मुलांना तिने तो शिकवला नाही.’ ओळी दोन. चार मागितल्या होत्या. तिनं उभ्यानं वाचल्या, दोन्ही हातांत धरून, आणि ठेवून घेतल्या.