तीनशेवी पायरी

बाबांना नमस्कार.

हे पत्र मी टाकणार नाही. खांदा दुखावल्यापासून तुम्ही गावी काकांकडे आहात; तिकडे काकाच तुम्हाला ते वाचून दाखवतील, आणि माझी माफी दुसऱ्याच्या तोंडून नको.

देवळाच्या चिटणिसांनी फलकावर देवीची कथा लिहायचं काम मला दिलं. "तुमच्या घरात शिकलेली तूच पहिली," म्हणाले.

देवी भक्तामागून डोंगर चढत होती. वळून बघायचं नाही, ही तिची अट. तीनशेव्या पायरीवर तिचे पैंजण वाजायचे थांबले, त्याने वळून पाहिलं आणि ती तिथेच राहिली. पुस्तकात लिहिलंय, त्याचा विश्वास कमी पडला. तुम्ही मात्र डोली टेकवून यात्रेकरूंना सांगायचात, "अहो, मागचं माणूस दमलं का, ते बघायला नको? काळजी केली म्हणून राहिली ती! म्हणून तर इथे सगळे मागच्याला हात देतात."

एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, पुस्तकात असं नाहीये."

"बरं, मास्तरीणबाई," म्हणून तुम्ही हसलात. पण त्यानंतर ती कथा कधीच सांगितली नाहीत.

काल मी फलकावर दोन्ही लिहिल्या. तुमच्या कथेआधी 'डोलीवाले सांगतात' असं घातलं. चिटणिसांनी चष्मा पुसून दोन्ही वाचल्या. मग म्हणाले, "राहू दे. बापाला बोलाव, लोक विचारतात त्याला."

काकांकडे एवढाच निरोप धाडते: खांदा बरा झाला असेल तर या, आपण मिळून चढू. तीनशेव्या पायरीवर मी मागे गुपचूप थांबेन.

तुम्ही वळून बघालच.

तुमची
मास्तरीणबाई