राखीव पेटी, नऊ ब्लॉकसह

मी ज्योतीराम निवृत्ती सोनटक्के, वय वर्षे एकोणसाठ, धंदा ध्वनिव्यवस्था, ज्याला लोक डीजे म्हणतात, राहणार जुनी सांगवी, हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, त्याची शस्त्रक्रिया येत्या मंगळवारी आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धमकावलेले नाही, की काही पाजलेले नाही. मी रागात आहे, हे मात्र खरे. रागातला माणूस शुद्धीत नसतो असे कायद्यात कुठे लिहिले आहे ते दाखवा, असे मी ॲड. मृदुला यांना म्हणालो. त्यांना दाखवता आले नाही. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. या मृत्युपत्राच्या दोन प्रती आहेत. पहिली ॲड. मृदुला यांच्याकडे राहील. दुसरी राखीव आहे, ती कोणाकडे ठेवायची ते सहीच्या दिवशी हाताने लिहीन. अंमलबजावणी माझी मुलगी वर्षाली करील, तिला जमले नाही तर ॲड. मृदुला करतील. साक्षीदार कायद्याला दोन पुरतात, मी तीन घेणार आहे. वकीलबाई हसल्या. हसू देत. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना मी एकच प्रश्न विचारला होता, तुमचे ते यंत्र मध्येच बंद पडले तर काय? ते म्हणाले, दुसरे शेजारी तयार ठेवलेले असते. तेव्हाच मी त्यांच्या फॉर्मवर सही केली.

कलम २. सांगवीतले राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते माझी पत्नी सौ. सावित्री हिला द्यावे. तिच्या हयातीत कोणीही तिला ‘आई, आता फ्लॅट विकून मोठा घेऊ’ असे म्हणू नये. बँकेत जे असेल तेही तिचेच. त्यातून तिने गुडघ्याचे ऑपरेशन करावे, जे ती चार वर्षे पुढे ढकलत आली आहे.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे सोल्डरिंगची दोन्ही यंत्रे, मीटर, पक्कड, टेस्टर आणि वायरची सगळी भेंडोळी, धम्मपाल सरवदे यांना द्यावीत. आम्ही दोघे चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला एकत्र होतो. तिथे लाईनच्या प्रत्येक मोटारीमागे रॅकवर दुसरी मोटार पुसून ठेवलेली असे. ती मोटार बदलता बदलता आमचे हात काळे झाले. मग एका सकाळी गेटवर आमची कार्डे चालेनात. माणसाच्या मागे दुसरा माणूसही तयार ठेवलेला असतो, हे त्या दिवशी कळले. त्या कंपनीचे नाव मी लिहीत नाही, माझ्या कागदात तिला जागा नाही.

मात्र शिकलेले विसरलो नाही. तसे पाहिले तर ते मी आधीच शिकलो होतो. माझी आई चिमाबाई एक काडेपेटी चुलीपाशी ठेवायची आणि दुसरी पिठाच्या डब्यात. पावसाळ्यात अख्ख्या गल्लीत आमची चूल पहिली पेटायची. तिच्याच नावाने मी ‘चिमाई साउंड’ काढले, आणि पहिल्या दिवसापासून टेम्पोत एक राखीव पेटी ठेवली. दुसरा ॲम्प्लिफायर, लहान मिक्सर, दोन माईक आणि लागतील त्या केबल. धंद्यातले लोक मला डबल हमाल म्हणायचे. ज्यांनी म्हटले त्यांच्यापैकी चौघांना मी भर कार्यक्रमात माझ्या पेटीतला माईक काढून दिलेला आहे. ते चौघेही हे वाचणार नाहीत, पण लिहून ठेवतो.

कलम ४. हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी सुचवले की मृत्युपत्रात एवढी हकीकत लागत नाही. मला लागते. पुढे जे कोणाला काय दिले त्याचे कारण यात आहे.

टेम्पो निघण्याआधी मी राखीव पेटीची एका बाजूची कडी धरून ती उचलून बघतो. खांद्याला ओढ बसली की पेटी भरलेली आहे असे समजायचे आणि निघायचे. अकरा वर्षे हीच पद्धत आहे. माझा मुलगा सुजित याला ही पद्धत चांगली ठाऊक होती.

दि. १६ फेब्रुवारी २०२५, रविवार. महाळुंग्यात अनंतराव पवळे यांची मुलगी पूर्वी हिचे लग्न, दुपारचा मुहूर्त. अनंतरावांच्या आई इंदुताई, वय एक्याऐंशी, यांनी नातीसाठी स्वतः मंगलाष्टके रचली होती. पाच कडवी. दोन्ही घरांची नावे, देव, गावची शीव, सगळे त्यात बसवलेले. गळा बारीक झालेला. अनंतराव आठ दिवस आधी माझ्याकडे येऊन म्हणाले होते, “ज्योतीरामभाऊ, रोषणाई कमी करा, धूर नको. माझ्या आईचा आवाज पार मागच्या रांगंत गेला पायजे, बाकी काय न्हाई.” मी त्यांना शब्द दिला.

त्या दिवशी सकाळी मी कडी उचलली. खांद्याला ओढ बसली. निघालो.

तिसरे कडवे सुरू असताना ॲम्प्लिफायर जळाला. जळणारच कधीतरी, यंत्र आहे. मी घाबरलो नाही. पेटी ओढली, झाकण उघडले. आत नऊ पेव्हर ब्लॉक होते. फुटपाथला बसवतात ते, लाल रंगाचे, चादरीत नीट गुंडाळलेले, म्हणजे वाजू नयेत.

सुजितने त्या दिवशी दुसरी सुपारी घेतली होती. त्याचा मित्र प्रज्वल याच्या मेहुण्याच्या दुकानाचे पिंपरीत उद्घाटन होते, माझा राखीव संच तिथे प्रज्वल वाजवत होता आणि सुजित इथे माझ्याच मिक्सरवर बसला होता. आणि माझ्या खांद्याला फरक कळू नये म्हणून पोराने भंगारवाल्याच्या काट्यावर वजन करून, किलोला किलो जुळवून, ब्लॉक भरले होते. एवढी मेहनत त्याने कधी अभ्यासात घेतली नाही.

इंदुताई गात राहिल्या. पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे कोणाला काही ऐकू जाईना. मागचे लोक बोलायला लागले. कोणाला तरी वाटले संपले, त्याने हातातल्या सगळ्या अक्षता टाकल्या. त्याचे बघून सगळ्यांनी टाकल्या. बँडवाले लांब उभे असतात, ते अक्षता उडालेल्या बघून वाजवतात. त्यांनी वाजवले. गुरुजींनी आंतरपाट काढला, हार पडले, लग्न लागले. इंदुताई हातात कागद धरून चौथ्या कडव्याच्या मध्यावर थांबल्या. त्यांनी कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. मी ते पाहिले आहे.

माझा उघड्या पेटीसमोर उभा असलेला फोटो कोणीतरी काढला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून चाकण ते सांगवी मला ब्लॉकवाला डीजे म्हणतात. ते मी गिळले. इंदुताईंना भेटायला गेलो तेव्हा त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, “तुझी काय चूक रं लेकरा. माझंच शेवटचं कडवं ऱ्हायलं बघ, तेवढंच लागून ऱ्हायलंय जिवाला.” बावीस दिवसांनी त्या गेल्या.

लग्नाच्या दिवशीच, गोडाऊनला आल्याबरोबर, मी सुजितकडून चावी काढून घेतली. तो म्हणाला, “बाबा, अकरा वर्षांत तुम्ही ती पेटी एकदा तरी उघडून बघितली का? नुसती न्यायची आणि परत आणायची.” मी म्हणालो, “चालता हो.” तो म्हणाला, “त्या बिस्किटाच्या डब्यातली एक वस्तू तेवढी घेऊ द्या.” मी म्हणालो, “इथला खिळासुद्धा मिळायचा न्हाई तुला.” चार दिवसांनी तो घरी आला, काहीतरी सांगायचे आहे म्हणाला. मी टीव्हीचा आवाज वाढवला. पुन्हा एकदा आला, तेव्हाही वाढवला. त्यानंतर तो आला नाही. नऊ महिने झाले. सावित्री म्हणते, पेटीला जेवढे जपलेत तेवढे पोराला जपले असतेत तर. तिचे म्हणणे इथे नोंदवले आहे, मान्य केलेले नाही.

कलम ५. चिमाई साउंड हे नाव, टेम्पो, स्पीकर आणि बाकी सगळा संच वर्षालीला द्यावा. ती कंपनीत क्वालिटीला आहे, वस्तू उघडून तपासल्याशिवाय पुढे सोडत नाही. तिला धंदा करायचा नसेल तर तिने तो बंद करावा. सुजितला चालवायला देऊ नये.

कलम ६. माझा मुलगा सुजित याला राखीव पेटी द्यावी. रिकामी नव्हे. ते नऊ ब्लॉक मी जपून ठेवले आहेत, त्यांच्यासकट द्यावी. देताना त्याला एका हाताने कडी उचलायला लावावी.

कलम ७. माझ्या दहाव्याला कोणी बोलणार असेल तर माईक दोन आणावेत. प्रज्वलला बोलावू नये.

टंकलेखन येथे संपले. दि. १२ नोव्हेंबर २०२५.

कलम ८. (माझ्या हस्ताक्षरात, दि. १५ नोव्हेंबर, शनिवार.)

संचाची यादी मृत्युपत्राला जोडायची म्हणून वर्षाली आज सकाळपासून गोडाऊनमध्ये बसली आहे. बिस्किटाच्या डब्यात पेनड्राइव्ह पडलेले असतात. कोणत्यात काय आहे ते लिहायचे म्हणून ती एकेक लावून बघत होती. तिने मला हाक मारली.

लग्नाच्या सकाळची माईकची चाचणी आहे. मी आणि मदतीला आलेला धम्मपाल तेव्हा जनरेटरपाशी होतो. खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, आचारी कोणाला तरी ओरडतो. मग इंदुताईंचा आवाज येतो. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळी कडवी, स्वच्छ. पाचवे झाल्यावर सुजितचा आवाज येतो.

“आजी, शेवटचं एकदा परत म्हणता का?”

“आता कशाला रं? झालं की म्हणून.”

“असू द्या. एक राखीव ठेवतो.”

इंदुताई हसतात आणि पाचवे कडवे पुन्हा म्हणतात. दुसऱ्यांदा जास्त चांगले म्हटले आहे.

पेटीत ब्लॉक आहेत हे माहीत असलेल्या माणसाने हे केले आहे. भीतीने केले, लाजेने केले, की सवयीने, मला कळत नाही. डब्यातली एक वस्तू म्हणजे काय ते मात्र आज कळले. चौथ्या दिवशी तो काय सांगायला आला होता तेही कळले. इंदुताई तेव्हा जिवंत होत्या. महाळुंगे इथून तासाभरावर आहे. त्यांना त्यांचे कडवे ऐकवता आले असते, पूर्वीला आणि सगळ्या घराला बसवून ऐकवता आले असते. ते सुजितमुळे राहिले नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून राहिले. कलम ४ मध्ये मी जेवढा राग लिहिला आहे, त्यातला अर्धा माझ्या नावावर चढवावा. उरलेला अर्धा त्याच्याच नावावर ठेवावा, तो मी सोडलेला नाही.

म्हणून असा बदल करतो. कलम ५ कायम, फक्त त्यातले शेवटचे वाक्य खोडले आहे, खोडल्याजागी माझी सही आहे. चालवायला कोणाला द्यायचे ते वर्षालीने ठरवावे. कलम ६ मधली पेटी सुजितचीच, पण ब्लॉक मी आज माझ्या हाताने काढले, डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटले होते तरी. राखीव संच झाडून पुसून आत ठेवला. अट एकच. निघताना पेटी उचलून बघू नये, उघडून बघावी. ही अट जो जो ती पेटी वापरील त्या प्रत्येकाला लागू आहे, आणि उद्यापुरती मलाही.

पेनड्राइव्ह अनंतरावांच्या पूर्वीला द्यायचा. तो माझ्या मरणाची वाट बघत डब्यात पडून राहणार नाही. आज दुपारी मी सुजितला फोन केला. म्हणालो, “उद्या सकाळी टेम्पो काढ. महाळुंग्याला जायचंय, इंदुताईंच्या घरी. अंगणात स्पीकर लावायचेत.” तो म्हणाला, “बाबा, पेटी घ्यायची का?”

मी म्हणालो, “घे. उघडून बघ आणि घे.”

वरील सर्व मी वाचले, वर्षालीने मला मोठ्याने पुन्हा वाचून दाखवले, आणि ते माझेच म्हणणे आहे. पुढील तिघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण : जुनी सांगवी
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, संध्याकाळ

सही : ज्योतीराम निवृत्ती सोनटक्के

साक्षीदार १ : निमिष देवधर, शेजारी, जुनी सांगवी
साक्षीदार २ : दिव्या जगदाळे, वर्षालीची मैत्रीण, पिंपरी
राखीव साक्षीदार : अनंत ज्ञानोबा पवळे, महाळुंगे. (आईचं शेवटचं कडवं आज मिळालं. दोन्ही वेळचं.)

पहिली प्रत : ॲड. मृदुला यांच्याकडे
दुसरी प्रत, राखीव : सुजितकडे