वनजाचं उणे चिन्ह

३ ऑगस्ट १९७९
वनजाचं उत्तर बरोबर आहे. माझं चुकलंय!

दोन पॉलिमर एकत्र केले की एकजीव राहतील की फुटून वेगळे होतील, हे गणितानं आधीच सांगायचं — आम्हा नवराबायकोचा विषय एकच, गाइडही एकच, वेंकटरमण सर. मी म्हणत होतो, तापवलं की मिसळतील. ती म्हणते, ही जोडी तापवली की फुटेल. तिच्या समीकरणात तापमानाच्या पदाला उणे, माझ्यात अधिक. एवढाच फरक! आणि जर्मनीला सर एकालाच पाठवणार.

४ ऑगस्ट
सकाळी वनजा चपात्या लाटत होती. म्हटलं, "चिन्ह चुकलंय तुझं."
"नक्की का हो?"
"शाळकरी चूक आहे. सर हसतील."
कानापर्यंत लाल झाली. मजा वाटली. हो, वाटली!

७ ऑगस्ट
बदललं तिनं.

१२ ऑगस्ट
बोगादीच्या रस्त्यानं दोघं फिरायला गेलो. मधेच म्हणाली, "तुम्हाला मला काही सांगायचंय का?"
"नाही. का?"
"सुम्ने, उगीच विचारलं."
आणि मग शेजारच्या अंबुबाई मावशींच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिली.

२१ ऑगस्ट
आज सेमिनार. आधी वनजा बोलली — तापवलं की मिसळेल. सरांनी काचेवरचा त्याच मिश्रणाचा पातळ थर सगळ्यांसमोर तापवला. पारदर्शक होता, दुधासारखा पांढरा झाला. फुटला!

सर तिला म्हणाले, "एनम्मा, काय हे बाई! काच एक सांगते, तुमचं गणित भलतंच! घरी सांबार करा, ते तरी एकजीव होईल."

सगळे हसले. मीही. मग उठलो आणि उणे चिन्हाचं समीकरण माझं म्हणून फळ्यावर मांडलं. सर टाळ्या वाजवत म्हणाले, "शाब्बास, शिवाजीराव!" वनजा खाली बघेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडेच बघत होती.

२३ ऑगस्ट
जर्मनीसाठी माझं नाव गेलं. तिला सरांनी विषय सोडायला सांगितलं. बरंच झालं, आईला घरात मदत होईल.

२६ ऑगस्ट
बॅग घेऊन वनजा दारात उभी. चामराजपुरमला, माहेरी चालली होती.
"तुम्ही खोटं सांगताय ते मला त्याच सकाळी कळलं होतं."
"मग बदललंस कशाला?"
"वाटलं, सगळे मला हसायला लागल्यावर तरी तुम्ही उठून खरं सांगाल." चप्पल घालत म्हणाली, "आणि उठलात की हो तुम्ही!"